अन्न व औषधे यांतील परस्परक्रिया

अन्नातील घटकांमुळे पोटात घेतलेल्या औषधाचे अभिशोषण (शोषले जाण्याची क्रिया), शरीरातील विघटन किंवा प्रत्यक्ष परिणाम यांत होणाऱ्या बदलास अन्न व औषध यांतील परस्परक्रिया म्हणतात. अन्न व औषध दोन्ही निर्दोष असूनही त्यांच्या संयोगाने औषधाची रक्तातील पातळी धोकादायक मर्यादेपर्यंत चढते किंवा उपचार निष्फळ ठरावा इतकी उतरते. प्रत्येक परस्परक्रिया अपायकारक असते असे मात्र नाही. गजकर्णावरील ग्रिसिओफुल्व्हिन हे औषध स्निग्ध जेवणाबरोबर अधिक चांगले शोषले जाते.

अभिशोषणातील अडथळा हा सर्वांत साधा प्रकार होय. टेट्रासायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सासीन ही प्रतिजैविके दुधातील कॅल्शियमाशी बद्ध होतात व पुरेशी शोषली जात नाहीत. गोळी दुधाबरोबर घेण्याची घरोघरी आढळणारी सवय येथे बाधक ठरते.

मुरलेल्या चीजमध्ये टायरामीन हे संयुग पुष्कळ असते. मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रियांत मदत करणारे प्रथिन) आतडे व यकृत यांत त्याचा नाश करते. विषण्णतेवरील ट्रॅनिलसिप्रोमीनसारखी औषधे याच एंझाइमास रोधतात. मग टायरामीन रक्तात शिरून नॉरॲड्रेनॅलीन मुक्त करते, रक्तदाब एकाएकी वाढतो आणि मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. एका इंग्रज औषधविक्रेत्याने चीज खाल्ल्यावर आपल्या पत्नीस होणाऱ्या तीव्र डोकेदुखीविषयी कळविले होते. ही कल्पना प्रथम अनेकांना हास्यास्पद वाटली. परंतु १९६३ मध्ये लंडनमधील बॅरी ब्लॅकवेल यांनी चीजशी असलेला संबंध दाखवून दिला. ताज्या पनीरमध्ये टायरामीन अल्प असते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिले जाणारे लिनेझोलिडही या एंझाइमास सौम्य प्रमाणात रोधते.

ग्रेपफ्रूट या फळाचा परिणाम योगायोगाने उघडकीस आला. कॅनडातील डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपीन व मद्य यांच्या संबंधाचा अभ्यास करीत होते व मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी या फळाचा रस वापरला. औषधाची पातळी अपेक्षेहून कितीतरी अधिक आढळली (१९८९). रसातील फ्युरॅनोकुमारिने आतड्याच्या भित्तीतील औषध-विघटक एंझाइम कायमचे निकामी करतात. नवे एंझाइम तयार होईपर्यंत, म्हणजे एक दिवस वा अधिक काळ, परिणाम टिकतो. म्हणून रस सकाळी व गोळी रात्री घेतल्याने धोका टळत नाही. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत यामुळे स्नायूंचा नाश होऊन वृक्कास (मूत्रपिंडास) इजा होऊ शकते. कोकणातील परसात आढळणाऱ्या पपनसातही ही संयुगे असतात.

हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णांचा प्रश्न निराळा आहे. झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना वॉरफॅरिन देतात. ते के जीवनसत्त्वाच्या पुनर्निर्मितीस रोधते. पालक, मेथी, कोथिंबीर यांत हे जीवनसत्त्व विपुल असल्याने त्यांचे सेवन एकदम वाढल्यास गुठळीचा व एकदम घटल्यास रक्तस्रावाचा धोका संभवतो. औषधाची मात्रा रुग्णाच्या नेहमीच्या आहारावर बेतलेली असते. त्यामुळे पालेभाज्या सोडणे नव्हे, तर त्यांचे प्रमाण स्थिर ठेवणे इष्ट होय. श्रावणात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्या रुग्णाने ही गोष्ट वैद्याला आधीच सांगावी व रक्तक्लथनाची (रक्त साखळण्याची) चाचणी करून घ्यावी.

आजाऱ्याला भेटावयास जाताना शहाळे नेण्याची पद्धत आहे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम बरेच असते. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालॅप्रिल घेणाऱ्या व वृक्क दुर्बल असलेल्या रुग्णात ते साठून हृदयाची लय बिघडू शकते.

क्षयरोगावरील आयसोनियाझिड हिस्टामिनाचा नाश करणाऱ्या एंझाइमास रोधते. पकडल्यानंतर पुरेसे थंड न ठेवलेले कुपा, बांगडा यांसारखे मासे खाल्ल्यास त्यांत साचलेल्या हिस्टामिनामुळे चेहरा लाल होणे, धडधड, डोकेदुखी ही लक्षणे उद्‌भवतात. ती औषधाची ॲलर्जी समजून रुग्ण मध्येच उपचार सोडण्याचा संभव असतो.