रक्तचंदनाची खरी वाट बंदराकडे जाते

७ एप्रिल २०१५ रोजी आंध्र प्रदेशातल्या शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या विशेष कृती दलाच्या गोळीबारात तमिळनाडूतले २० मजूर ठार झाले. त्यांनी दगड-कुऱ्हाडींनी हल्ला केला, असं पोलिसांचं म्हणणं. ही बनावट चकमक, असा मानवी हक्क कार्यकर्त्यांचा आरोप. खरं काहीही असो, इतके जीव जाऊनही रक्तचंदनाची चोरी थांबली नाही. कारण या धंद्यात कुऱ्हाड चालवणारा सर्वांत स्वस्त असतो. एक गेला की दलालाला दुसरा लगेच मिळतो.

हे झाड निसर्गतः फक्त पूर्व घाटाच्या दक्षिण भागात, मुख्यतः कडप्पा-चित्तूरच्या डोंगरांत वाढतं. लाल गाभा भरायला काही दशकं लागतात आणि मोल असतं ते गाभ्यालाच. म्हणून झाड पाडलं की मजूर तिथंच साल आणि पांढरं लाकूड तासून टाकतात नि जड ओंडका खांद्यावर घेऊन अंधारात डोंगर उतरतात. यातले पुष्कळजण तमिळनाडूतल्या जवादी डोंगराच्या आसपासचे. तिथल्या कोरडवाहू जमिनीवर पोट भरत नाही आणि दलाल रोख उचल देतो. पुढे ओंडका गोदामात पोचतो, भलत्याच मालाच्या नावानं कंटेनरमध्ये चढतो. चेन्नई, मुंद्राच काय, आपल्या न्हावा शेवा बंदरातही असे कंटेनर पकडले गेले आहेत. चीनमध्ये त्याचं उंची फर्निचर होतं, जपानमध्ये वाद्यं. जंगलापासून जहाजापर्यंत एवढं वजनदार लाकूड कुणाच्याच नजरेस पडत नाही, हे पटण्यासारखं नाही. ही डोळेझाक विकत घेतलेली असते. तस्करांना पाठीशी घातल्याचा आरोप आंध्रातले पक्ष एकमेकांवर करत आले आहेत, तो उगाच नव्हे.

मजुराला गुन्हा ठाऊक असतो, मग त्याची कणव कशाला, असं कुणी विचारेल. त्याला शिक्षा जरूर व्हावी, पण न्यायालयात. आणि तपास त्याच्यापाशी संपू नये. माल कुणी भरला, पैसा कुठल्या खात्यात गेला, इथपर्यंत तो पोचायलाच हवा. निर्यात सरसकट खुली करा, असाही एक सल्ला दिला जातो; तो मला धोक्याचा वाटतो. १९९५पासून हे झाड आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे, ते जंगलातली झाडं झपाट्यानं संपत होती म्हणून. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात लावलेल्या रक्तचंदनाची गोष्ट वेगळी. त्याला तोडणीचे नि वाहतुकीचे परवाने वेळेवर मिळाले, तर चोरट्या मालासमोर कायदेशीर माल उभा राहील. मात्र प्रत्येक झाडाची नोंद रानापासून बंदरापर्यंत पक्की हवी; नाहीतर शेषाचलमचाच ओंडका शेतातला म्हणून जहाजावर चढेल.