समईस सोनेरी लेप द्यावा काय?

डिचोलीच्या कांसारांची पितळी समई चार दिवसांत काळवंडते आणि चिंच लावून घासावी लागते. उलट, हल्ली बाजारात मिळणारे काही सोनेरी नळ न घासताही चकाकतात. तोच लेप समईस का देऊ नये? उत्तर शोधण्यासाठी लेपाच्या रीती पाहू.

कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकून कथील फासतो; कथील २३२ अंशांस वितळते. नव्या रीतीत धातूची वाफच करतात, तीही हवा काढून घेतलेल्या पेटीत. हवा असली तर वाफेचे कण वाटेतच अडतात. जुन्नरनजीक गिरवली येथे २००६ साली उभारलेल्या दुर्बिणीसारख्या मोठ्या दुर्बिणींच्या आरशांवर अॅल्युमिनियमचा थर असाच बसवितात. जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी! आरशास तेवढे पुरते, कारण त्यावर घर्षण नाही.

लोखंडास भोक पाडणाऱ्या गिरमिटाचे तसे नाही. तेथे टायटॅनियमची वाफ विरळ नत्रवायूत सोडतात. दोहोंच्या संयोगाने पोलादाहूनही कठीण असा सोनेरी थर बसतो. त्यात सोने मात्र कणभरही नसते. हे काम बहुधा पाचशे अंशांच्या आत उरकते. दुसऱ्या रीतीत टायटॅनियमयुक्त वायू सुमारे हजार अंशांस तापलेल्या वस्तूवरून नेतात. वायू कानाकोपऱ्यांत शिरतो, थर घट्ट धरतो. पण एवढ्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. म्हणून ही रीत मुख्यतः टंगस्टन कार्बाइडच्या पात्यांसाठी राखलेली असते. कोणता लेप हवा, याआधी वस्तू किती आच सोसेल, हे विचारावे लागते ते यासाठीच.

आता समई. पितळ म्हणजे तांबे व जस्त. निर्वात पेटीत पितळ तापले की जस्त उडू लागते आणि लेप नासतो. म्हणून पितळी नळांस आधी निकेल-क्रोमचा मुलामा देतात व मगच बेताच्या उष्णतेत सोनेरी थर चढवितात. शिवाय वाफ सरळ रेषेत जाते. वस्तू पेटीत फिरवीत ठेवली, तरी समईच्या नक्षीच्या खोल खाचा उघड्या राहण्याची भीती असतेच.

आमच्या मते नळास हा खर्च शोभतो, समईस नाही. तेलाची काजळी सोनेरी थरावरही बसणारच. आणि पितळावरचा ओरखडा कांसार घासून घालवितो, तसा या थरावरचा घालविता येत नाही.