घरची भाषा कोणती? खरं तेच लिहा!

यजमानांच्या नोकरीमुळे मुलाबाळांसह अमेरिकेला निघालेल्या मैत्रिणींनो, तिथल्या सरकारी शाळेत मुलाचं नाव घालताना भाषेविषयीचा एक फॉर्म हाती येतो. कॅलिफोर्नियात त्यात चार प्रश्न असतात. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलायला लागलं? घरी ते जास्त कोणती भाषा बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? घरातली मोठी माणसं कोणती बोलतात?

‘मराठी’ लिहिलं तर पोराला ‘ढ’ समजतील, अशी धास्ती वाटते ना? म्हणून ‘इंग्रजी’ लिहून मोकळ्या होऊ नका! खरं लिहिलंत की ३० दिवसांच्या आत मुलाचं इंग्रजी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं तपासतात. ते चांगलं असेल तर प्रश्नच मिटला. कच्चं असेल तर शाळा त्याला इंग्रजी मुद्दाम शिकवते, तेही फुकट. तपासतात ती भाषा, बुद्धी नव्हे.

ही काही मेहेरबानी नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांसाठी त्यांचे पालक कोर्टात गेले, आणि १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सगळ्यांना सारखी पुस्तकं वाटली म्हणजे सारखं शिक्षण दिलं असं होत नाही, हे तेव्हा ठरलं.

निकालाचं पत्र घरी येतं, ते जपून ठेवा. जादा वर्ग नको असतील तर नाही म्हणता येतं. पण मुलाचं इंग्रजी पुरेसं होईपर्यंत दरवर्षीची परीक्षा चुकत नाही.

आणि हो, घरात मराठी खुशाल बोला!