धामधुमीचा आठवडा आणि वृत्तपत्रे
२३ नोव्हेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रातील वाचकांच्या हाती पडलेली बहुतेक वृत्तपत्रे उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वावर तीन पक्षांचे मतैक्य झाल्याची वार्ता ठळकपणे देत असताना, राजभवनात मात्र, पहाटेच राष्ट्रपती राजवट उठवून, देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकला गेला होता. रात्री छपाईस जाणारा मजकूर आणि क्षणोक्षणी पालटणारे राजकारण यांतील ही तफावत दूरचित्रवाणी भरून काढते खरी. परंतु अखंड प्रसारणाच्या गरजेपोटी तेथे ‘सूत्रां’च्या हवाल्याने तर्कही वृत्ताच्याच थाटात मांडले जातात. अशा समयी हुकूम, अधिसूचना व राजीनामा हेच विश्वसनीय पुरावे होत: २६ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने बहुमत-चाचणीचा आदेश दिला, त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला आणि २८ तारखेस ठाकरे मुख्यमंत्री झाले.