गाभण गाईच्या पोटातील वासराचा श्वास

गाय सुमारे २८० दिवस व म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते. या सर्व काळात वासरू पाण्याने भरलेल्या पिशवीत असते. तेथे हवा नाही. त्याच्या फुप्फुसांतही हवेऐवजी द्रव असतो. तरीही वाढणाऱ्या जिवास प्राणवायू लागतोच, आणि तो त्यास मिळण्याची वाट एकच आहे : नाळ व वार.

गाईचेच रक्त वासराच्या अंगात खेळते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. गाईचे रक्त वेगळे व वासराचे वेगळे. ती दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. पडलेली वार पाण्यात पसरून पाहिल्यास तिच्यावर जागोजाग तांबड्या गाठी दिसतात. गाईच्या वारेवर त्या साधारणपणे ७५ ते १२० असतात. गर्भाशयाच्या आतील बाजूस तितकेच मांसल उंचवटे असून, मुळे जमिनीत शिरावीत तसे गाठींवरील बारीक तंतू त्या उंचवट्यांत शिरलेले असतात. येथे दोन्ही रक्तप्रवाह अगदी शेजारून वाहतात. मध्ये केवळ पातळ पडदा असतो. जेथे वायूचा दाब अधिक तेथून तो कमी दाबाकडे जातो, या साध्या नियमाने गाईच्या रक्तातील प्राणवायू वासराकडे येतो आणि वासराच्या रक्तातील कर्बवायू गाईकडे जाऊन तिच्या उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. म्हणूनच एरवी रोहिण्यांत लाल व नीलांत काळसर रक्त असते, पण नाळेत याच्या उलट प्रकार असतो.

ही सोय चोख असली तरी सढळ नाही. केंब्रिज येथील शास्त्रज्ञ सर जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९३० नंतरच्या दशकात मेंढ्यांवर या विषयाचे मूलभूत संशोधन केले. आईच्या रोहिणीतील रक्तात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर असतो. वारेतून गर्भाकडे परतणाऱ्या उत्तम रक्तातही तो जेमतेम ३० ते ३५ असतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरील माणसाशी गर्भाची तुलना करतात ती यामुळेच. एवढ्यावर गर्भाचे भागते, कारण वासरू, कोकरू व करडू यांच्या रक्तातील तांबडे द्रव्य जन्मापूर्वी निराळ्या प्रकारचे असते व कमी दाबातही प्राणवायू ओढून घेते. मात्र शिल्लक अशी फारशी नसते. नाळ दबली, तर काही मिनिटांतच वासराचा जीव धोक्यात येतो.

विताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशय आवळले जाते व वारेकडील रक्त कमी होते. कळ ओसरली की ते पूर्ववत होते. यास्तव वासरू ओढावयाचे झाल्यास कळेबरोबरच ओढावे व मध्यंतरी थांबावे. अखंड ताण देण्याने गाय व वासरू दोघांसही इजा होते.

मागचे पाय आधी आल्यास प्रसंग अधिक बिकट असतो. अशा वेळी खुरांचे तळवे बहुधा वर असतात. पण तेवढ्यावर विसंबू नये. हात स्वच्छ धुऊन पायाचे सांधे चाचपावेत. खुराजवळचा सांधा व त्यावरचा सांधा एकाच दिशेस वाकत असतील तर पाय पुढचा, विरुद्ध दिशांस वाकत असतील तर मागचा. मागचा पाय असल्याचे कळताच पशुवैद्यकास बोलवावे. वासराचा मागचा भाग बाहेर येऊ लागला की नाळ गाईच्या कटीच्या हाडाशी दबते, आणि डोके तर अजून आतच असते! वासराने तेथे श्वास घेतला तर नाकातोंडात पाणी जाते. तोपर्यंत वाट पुरेशी मोकळी होऊ द्यावी. त्यानंतर मात्र विलंब न करता वासरू बाहेर काढावे.

बाहेर आलेले वासरू निपचित असल्यास नाकातोंडातील चिकटा पुसून काढावा, त्यास छातीवर बसते करावे, नाकपुडीत वाळल्या गवताची काडी फिरवावी, अंग गोणपाटाने जोराने चोळावे आणि डोक्यावर थोडे थंड पाणी टाकावे. मागचे पाय धरून फार वेळ उलटे टांगणे हितकारक नाही. बाहेर पडणारे पाणी बहुतांशी पोटातील असते आणि आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो.

गाभणपणातही वासराचा प्राणवायू तुटू शकतो. गोचीड व जंत यांमुळे गाईचे रक्त कमी झाल्यास वासराच्या वाट्यास कमी येते. पावसाने ओढ दिलेल्या, पण नत्रखत भरपूर दिलेल्या ज्वारी-मक्याच्या वैरणीत नायट्रेट साचते. त्यापासून गाईच्या पोटात होणारे नायट्राइट रक्तातील तांबडे द्रव्य निकामी करते. रक्त तपकिरी दिसू लागते. (कोवळ्या फुटव्यांनी किराळ लागते तो प्रकार निराळा; त्यात रक्त उलट लालभडक दिसते.) गाय यातून वाचली तरी काही दिवसांनी गाभडण्याचा संभव असतो. अशी वैरण वाळवल्यानेही निर्धोक होत नाही, कारण नायट्रेट वाळल्या कडब्यातही टिकून राहते. नायट्रेट खोडाच्या बुडख्याकडे अधिक साचत असल्याने गाभण जनावरास तो भाग देऊ नये, आणि शंका असल्यास वैरण तपासून घ्यावी.