शेक, करंट आणि स्टुलावरची उठबस

येरवड्यात लक्ष्मीनगरजवळच्या गल्लीत फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना. थंडीतली सकाळ. तीन खाटा, तीन पडदे, आणि तिन्ही पडद्यांआड चिकनगुनियाच. २०२४च्या पावसाळ्यातल्या साथीचा ताप कधीच उतरलाय. धरलेली कंबर सुटत नाहीये.

रिक्षावाले काका पालथे पडलेत, कमरेवर गरम शेकाची पिशवी. पलीकडे मावशींच्या पाठीला पॅड चिकटवलेत, करंट चालू आहे.

"मुंग्या येतायत. बरं वाटतंय," मावशी म्हणतात.

"मॅडम, मलाही करंटच लावा. शेकाचं बरं वाटणं घरी पोचेपर्यंतच टिकतं."

"करंटचंही तेवढंच टिकेल, काका. दुखणं थोडं दबलं की लगेच व्यायाम करायचा, त्यासाठी आहे हे."

हे इतकं स्वच्छ सांगणारं माणूस पेशंटला भेटायलाच हवं. एकेका सिटिंगचे पैसे मोजणाऱ्याला तर नक्कीच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली. टेन्सचा (पॅड चिकटवून देतात तो) करंट, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात नकोत, असंही सांगितलं. अर्थात ती शिफारस विशिष्ट आजारातून न आलेल्या कंबरदुखीसाठी आहे. चिकनगुनियाचा विषाणू सांध्यांनाच धरतो. म्हणून मॅडम आधी मावशींचे घोटे, मनगटं, बोटं दाबून सूज बघतात. सूज असती तर व्यायाम बेताचा आणि डॉक्टरांकडे चिठ्ठी.

सूज नाही. मावशी कल्याणीनगरात चार घरची धुणी-फरशी करतात.

"बादली उचलताना कंबर नाही, गुडघे वाकवायचे."

"गुडघेच तर वाकत नाहीत, ताई."

मॅडम थांबतात. कंबरदुखीच्या प्रत्येक पेशंटला दिला जाणारा हा सल्ला इथे लागू पडत नाही. त्या उंच स्टूल ओढतात. "हात न टेकता उठा. सावकाश बसा." पाचव्या वेळी मावशींच्या कपाळावर घाम. मग उताणं झोपून कंबर उचलणं, श्वास न रोखता. मग कामाचं बोलणं: बादली अर्धीच भरायची, फरशीला दांड्याचा पोछा मागून घ्यायचा.

"मालकीणबाई म्हणतात, हाताने पुसलेलीच स्वच्छ होते."

"मी चिठ्ठी लिहून देते."

मावशी चिठ्ठी ब्लाउजमध्ये खोचतात. "उद्या करंट लावाल ना?"

"आधी दहा उठबशा. मग लावते."