जुन्या जिप्सीची उंची: आधी खरचटा बघा

मागच्या वेळी आपण साध्य आणि साधन यांबद्दल बोललो, तेव्हा शेवटी एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, जुनी जिप्सी स्वस्तात उंच करायची आहे, काय करू?" हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. आम्ही स्वतः यात पैसे घालवलेत, आणि थोडक्यात वाचलोही आहोत.

भोरच्या पलीकडे आमची थोडी शेती आहे. शेवटचे दोन किलोमीटर नुसते दगड. गाडी खालून लागायची. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, लांब शॅकल टाका, सगळ्यात स्वस्त. टाकले. गाडी दिसायला रुबाबदार झाली. पण वरंधा घाट उतरताना वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येईना. मागे नात बसली होती. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा गाडीखाली झोपून नीट बघितलं.

म्हणजे बघा, जिप्सीला चारही चाकांना पाटे आहेत. पाट्याचं एक टोक चॅसीला पक्कं, दुसरं शॅकलवर झुलतं. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एकच इंच वर येते, कारण अॅक्सल मधोमध असतो. जिप्सीत पुढचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते टोक खाली ढकललं की अख्खा अॅक्सल थोडा फिरतो आणि किंगपिनचा मागे झुकलेला कोन कमी होतो. चाकाला सरळ आणतो तो हाच कोन. एक इंचासाठी आपण तो विकला! आणि गंमत अशी, की शेतावर गाडी पुन्हा तिथेच लागली.

का लागली? तर गाडीखाली खरचटा होता डिफरन्शियलच्या गोळ्यावर. गोळा अॅक्सलवर असतो, अॅक्सल चाकांवर. पाटे, शॅकल काहीही करा, गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. तो फक्त मोठ्या टायरने उचलला जातो. खरचटा चॅसीवर किंवा ट्रान्सफर केसखाली असेल, तर मात्र पाट्यांचा उपयोग. तेव्हा पैसे काढण्याआधी खडू घेऊन खाली झोपा आणि खुणा करा.

टायरचा हिशेब सोपा आहे. जिप्सी किंगचा 205/70 आर 15 टायर साधारण 668 मिलीमीटर व्यासाचा. 215/75 आर 15 घेतला तर 703 च्या आसपास. वाढ 35, पण अॅक्सल उचलला जातो निम्माच, 17-18 मिलीमीटर. दगडांत तेवढं पुष्कळ असतं. मात्र स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा खरा वेग 63 असेल, आणि चढावर गिअर थोडा जड वाटेल.

आता पाटे. वीस-पंचवीस वर्षांची गाडी बहुधा उंच करायची नसते, ती बसलेली असते. सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. डावी-उजवी बाजू वेगळी भरली, किंवा पाटा सपाट दिसला, तर आधी गेलेली उंची परत आणा. पाटे उतरवून पुन्हा कमान भरून घेणं, तुटका पाटा बदलणं, नवे बुश. आमची गाडी एवढ्यानेच सव्वा इंच वर आली. शॅकल अर्थातच मूळचे लावले. कमान भरलेला जुना पाटा पुन्हा बसू शकतो, हे खरं. परवडत असेल तर नवा संच घ्या. जादा एक पाटा घालणं स्वस्त, पण रिकामी गाडी दणके देते. मागे नेहमी ओझं असेल तरच घाला.

पाटे अॅक्सलच्या वर घेण्याची मोठी युक्तीही आहे. जवळपास पाच इंच मिळतात. पण मग ड्रॅग लिंक तिरकी होते आणि खड्ड्यात स्टिअरिंग ओढतं, ब्रेकचे होज अपुरे पडतात, प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, शॉकअॅब्सॉर्बर लांब लागतात, अॅक्सलवर वेल्डिंग आलं. स्वस्त म्हणून सुरू केलेलं काम इथे स्वस्त राहत नाही, आणि उंच गाडी आडव्या उतारावर लवकर कलंडते ती वेगळीच.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीही हेच विचारू शकते. मूळ उंची परत आणणं ही दुरुस्ती, पाच इंच वाढवणं हा बदल.

एक बारीक गोष्ट राहिली. पाटे बसवल्यावर शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना घट्ट करू देऊ नका. चाकं जमिनीवर, वजन पडलेलं असतानाच आवळायचे, नाहीतर रबरी बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. यू-बोल्ट शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. आमचे दोन सैल निघाले होते.